बॅग भरा, पण बेताने!

प्रवासाची तारीख जवळ आली, की घरोघरी एकच दृश्य दिसते. माळ्यावरची बॅग खाली उतरते, पलंगावर कपड्यांचे ढीग पडतात आणि 'असू द्यावे बरोबर, लागलेच तर' या एका वाक्याच्या आधारे निम्मे कपाट बॅगेत जाते. अखेरीस एकाने बॅगेवर बसायचे आणि दुसऱ्याने चेन ओढायची, असा प्रसंग येतो. ही बॅग नंतर नाशिक रोड स्थानकाच्या जिन्यावर, काही मिनिटेच थांबणाऱ्या गाडीच्या दारात किंवा मुंबई विमानतळाच्या वजनकाट्यावर आपले खरे रूप दाखवते. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठाला ती उचलवत नाही, काट्यावर ती जास्त भरते आणि रक्तदाबाची गोळी हवी असते तेव्हा ती नेमकी तळाशी सापडते.

बॅग भरणे हे वरवर पाहता क्षुल्लक काम आहे. परंतु प्रवासातील बराचसा त्रास, अनाठायी खर्च आणि क्वचित प्रकृतीचा धोकाही या कामातील घाईतून उद्भवतो. थोडी शिस्त पाळली, तर तो सहज टाळता येतो.

पेट्यांचा जिल्हा

द्राक्षे, कांदा आणि देवस्थाने यांसाठी ओळखला जाणारा नाशिक जिल्हा प्रवासी बॅगांच्या उत्पादनासाठीही देशभर परिचित आहे. १९७१ मध्ये सुरू झालेल्या व्हीआयपी इंडस्ट्रीजने नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आणि सिन्नर येथे कारखाने उभारले. मुंबई-आग्रा महामार्गावर, इगतपुरी तालुक्यातील गोंदे येथे सॅमसोनाइट या मूळ अमेरिकी कंपनीने आपला कारखाना थाटला. देशोदेशींच्या विमानतळांवर फिरणाऱ्या अनेक बॅगांचा प्रवास अशा रीतीने नाशिकच्या परिसरातूनच सुरू होतो.

या उद्योगाआधी मराठी घरांतील सामान वेगळे होते. जवळच्या गावी जाताना गाठोडे किंवा बोचके, लांबच्या प्रवासाला पत्र्याची ट्रंक आणि अंथरूण-पांघरुणासाठी वळकटी किंवा पट्ट्यांचा होल्डॉल. ट्रंक जड असल्याने ती हमालाच्या डोक्यावर जात असे आणि हमालीचे पैसे मोजावे लागत असल्याने सामान बेतानेच घेतले जाई. चाकांनी हे चित्र पालटले. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सूटकेसचे पेटंट १९७२ मध्ये मिळाले. रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये दोन चाकांची आणि लांब दांडीची उभी बॅग तयार केली. आज घरोघरी दिसणारी ट्रॉली बॅग हे तिचेच पुढचे रूप होय.

चाकांमुळे ओझे हलके झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते हलके होत नाही, फक्त गुळगुळीत फरशीवर जाणवत नाही. जिना, एसटीची पायरी, गाडीचे दार आणि डोक्यावरील फळी या चारही ठिकाणी बॅग उचलावीच लागते. त्यामुळे बॅग भरण्याची पहिली कसोटी साधी आहे. ज्याची बॅग आहे, त्याला ती भरल्यानंतर एकट्याने उचलून जिन्याच्या दहा पायऱ्या चढता आल्या पाहिजेत. तसे होत नसेल, तर बॅग मोठी घेण्याऐवजी सामान कमी करणे हाच उपाय होय.

आधी यादी, मग बॅग

बॅग उघडून समोर ठेवली, की ती भरेपर्यंत हात थांबत नाही. म्हणून प्रवासाच्या तीन-चार दिवस आधी कागदावर यादी करावी आणि यादीतील वस्तू पलंगावर मांडाव्यात. बॅग तोपर्यंत बंदच असावी. मांडलेल्या प्रत्येक वस्तूला 'ही कोणत्या दिवशी, कोणत्या प्रसंगी लागणार?' हा एकच प्रश्न विचारावा. दिवस सांगता आला नाही, तर ती वस्तू कपाटात परत जावी. अपवाद फक्त औषधे, पावसापासून संरक्षण आणि एक जादा जोड यांचा.

आठवड्याच्या प्रवासाला सात जोड लागत नाहीत. वरचे चार-पाच कपडे, खालचे दोन-तीन, रात्रीचा एक जोड आणि आतले कपडे पाच-सहा एवढ्यावर भागते. मध्ये एकदा कपडे धुता आले, तर दोन आठवडेही याच सामानात निघतात. खालचे कपडे गडद आणि साध्या रंगांचे घेतल्यास वरचा कोणताही कपडा त्यावर चालतो. पातळ सुती किंवा मिश्र धाग्याचे कपडे लवकर वाळतात. जीन्स मात्र जड असते आणि दमट हवेत रात्रभरात वाळत नाही. म्हणून ती एकच घ्यावी आणि अंगावर घालावी. बूट आणि जाड स्वेटर यांनाही हाच नियम लागू पडतो. सर्वांत जड वस्तू अंगावर, हलक्या वस्तू बॅगेत.

जेथे जायचे तेथील हवामान पाहूनच यादी पक्की करावी. पावसाळ्यात कोकणात जाणाऱ्याने छत्रीबरोबर कपड्यांसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या घ्याव्यात. थंड प्रदेशात जाणाऱ्याने एका जाडजूड कोटाऐवजी पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घेणे सोयीचे ठरते. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते आणि दुपारी ऊन पडल्यावर एक थर उतरवता येतो.

वजनाचे गणित

मोठी बॅग रिकामी असतानाच साधारण तीन ते पाच किलो भरते. देशांतर्गत विमान प्रवासात बहुतेक कंपन्या इकॉनॉमी वर्गासाठी पंधरा किलो चेक-इन सामान आणि सात किलोपर्यंतची एक हातबॅग मोफत नेऊ देतात. याचा अर्थ पंधरापैकी दहा ते बारा किलोच प्रत्यक्ष सामानासाठी उरतात. परदेश प्रवासात अनेक कंपन्या प्रत्येक बॅगेसाठी तेवीस किलोची मर्यादा ठेवतात. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी बत्तीस किलोपेक्षा जड बॅग सहसा स्वीकारली जात नाही. आपल्या तिकिटावर नेमकी किती सवलत आहे, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

घरी वजन करण्यास वेगळे यंत्र लागत नाही. वजनकाट्यावर आधी रिकाम्या हाताने उभे राहावे, नंतर बॅग हातात घेऊन उभे राहावे आणि पहिला आकडा दुसऱ्यातून वजा करावा. घरचा आणि विमानतळावरचा काटा यांत फरक पडू शकतो. म्हणून मर्यादेपेक्षा किलोभर कमीच भरावे.

हवा काढून कपडे दाबणाऱ्या प्लॅस्टिक पिशव्यांबद्दल एक गैरसमज आहे. त्या जागा वाचवतात, वजन नव्हे. वाचलेल्या जागेत आणखी कपडे कोंबले, की बॅग हमखास मर्यादेबाहेर जाते. गोधडी, स्वेटर अशा फुगीर पण हलक्या वस्तूंसाठीच त्या उपयोगी पडतात.

रेल्वेतही सामानाला मर्यादा आहे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. प्रत्येक प्रवाशाला द्वितीय वर्गात ३५ किलो, शयनयान तसेच वातानुकूलित थ्री टायरमध्ये ४० किलो, टू टायरमध्ये ५० किलो आणि वातानुकूलित प्रथम वर्गात ७० किलो सामान मोफत नेता येते. डब्यात न्यावयाची पेटी सर्वसाधारणपणे १०० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच यापेक्षा मोठी नसावी. आसनाखाली बॅग जाते की नाही, हे ठरते ते उंचीवरून. त्यामुळे रेल्वेसाठी फुगलेल्या एका बॅगेपेक्षा चपट्या दोन बॅगा सोयीच्या.

भरण्याचा क्रम

ट्रॉली बॅग आतून पाहिली, तर तिच्या पाठीच्या बाजूला दांडीच्या नळ्यांचे दोन उंचवटे दिसतात. त्यांच्यामधील खळगा अनेकदा रिकामाच राहतो. भरणीची सुरुवात तेथूनच करावी. मोजे, आतले कपडे, रुमाल यांच्या लहान गुंडाळ्या त्या खळग्यात बसवल्या, की वर सपाट पाया तयार होतो.

जड वस्तू नेहमी चाकांच्या बाजूला ठेवाव्यात. बॅग उभी केल्यावर तोच तिचा तळ असतो. बूट, प्रसाधनांची पिशवी, पुस्तके तेथे ठेवल्यास बॅग स्थिर उभी राहते. हीच वजने वरच्या टोकाला गेली, तर बॅग सारखी पुढे पडते आणि आतले कपडे जड वस्तूंखाली चुरगळून तळाशी जमा होतात. बुटांच्या पोकळीत मोजे किंवा चार्जर ठेवावेत आणि बूट स्वतंत्र पिशवीत घालावेत.

कडक कवचाच्या बॅगा पुस्तकाप्रमाणे मधोमध उघडतात. त्यांच्या एका भागात पट्टे, तर दुसऱ्यात चेनचा पडदा असतो. पट्ट्यांच्या भागात मोठे, घडीचे कपडे ठेवावेत आणि पडद्याच्या भागात लहान वस्तू. दोन्ही भागांत वजन सारखे असावे. अशी बॅग उघडण्यास दुप्पट जागा लागते. त्यामुळे लहान खोलीत किंवा रेल्वेच्या डब्यात वरून उघडणारी कापडी बॅग अधिक सोयीची. चार चाकांची बॅग विमानतळाच्या फरशीवर हलकेच सरकते. खडबडीत रस्त्यावर मात्र मोठी दोन चाके अधिक टिकतात.

सर्वांत वर काय ठेवायचे, याचे उत्तर मुक्कामी पोहोचल्यावर पहिल्या तासात काय लागेल, यात आहे. रात्री उशिरा पोहोचणाऱ्यासाठी ते झोपताना घालायचे कपडे आणि टूथब्रश, तर लग्नघरी उतरणाऱ्यासाठी संध्याकाळचा पोशाख. वापरलेल्या कपड्यांसाठी एक रिकामी कापडी पिशवी आधीच बॅगेत टाकावी.

गुंडाळावे की घडी घालावी?

आजकाल कपडे गुंडाळून भरण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. वळकटी बांधणाऱ्या पिढीला त्यात नवे काही वाटणार नाही. गुंडाळल्याने कपड्याला टोकदार घडी पडत नाही आणि गुंडाळ्या उभ्या रचल्या, तर एकही कपडा न विस्कटता हवा तो काढता येतो. टी-शर्ट, पायजमे, जीन्स, लहान मुलांचे कपडे, टॉवेल यांना ही पद्धत उत्तम.

इस्त्रीचे शर्ट, सुती झब्बे, खळ दिलेल्या साड्या आणि सूट यांना मात्र घडीच हवी. दोन शर्ट एकमेकांवर उलट-सुलट ठेवावेत. एकाची कॉलर दुसऱ्याच्या खालच्या टोकाशी आली, की थर सपाट बसतो. सुटाचे जाकीट आतून बाहेर उलटे करून, एक खांदा दुसऱ्यात घालून दुमडावे. घडीच्या रेषेवर मऊ कपडा ठेवल्यास चुणी कमी पडते. बॅग अर्धवट रिकामी ठेवणेही योग्य नव्हे. मोकळ्या जागेत कपडे घसरतात आणि चुरगळतात. म्हणून उरलेल्या सामानाला बेताची ठरेल, अशीच बॅग निवडावी.

पैठणीचा प्रवास

नाशिक जिल्ह्यातील येवला हे पैठणीचे गाव. लग्नसराईत अशी जरीची साडी दूरवर न्यावी लागते आणि तेथेच अनेकींचा जीव टांगणीला लागतो. जरीचे काठ व पदर दाबाखाली कडक घडीत राहिल्यास त्या रेषेवर धागे कमकुवत होतात. म्हणून साडी सैल घडी घालून, पदर आत ठेवून, स्वच्छ सुती किंवा मलमलीच्या कापडात गुंडाळावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कोंदते आणि दमट हवेत ओलावा धरते. तिच्यावर काहीही जड ठेवू नये. डांबराच्या गोळ्या किंवा अत्तराची कुपी जवळ नसावी. मुक्कामी पोहोचताच ती बाहेर काढून पसरून ठेवावी. साडीची किंमत आणि तिच्यातील भावना लक्षात घेता ती हातबॅगेत नेणेच शहाणपणाचे. दागिन्यांबाबत तर दुसरा विचारच करू नये.

जीवनावश्यक ते हाताशी

मोठी बॅग उशिरा आली किंवा हरवली, तर पुढील दोन दिवस निभावेल एवढे सामान हातबॅगेत असलेच पाहिजे. सर्व नियमांत हा नियम सर्वांत महत्त्वाचा. मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी निघालेल्या ज्येष्ठांनी तर तो काटेकोरपणे पाळावा. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा यांची औषधे मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मुक्कामापेक्षा काही दिवस अधिक पुरतील एवढी घ्यावीत. ती सर्व हातबॅगेतच असावीत. इन्शुलिन चेक-इन बॅगेत कधीही ठेवू नये. विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होण्याचा धोका असतो.

चष्मा, श्रवणयंत्र, कवळीची डबी, पासपोर्ट, विमा आणि निवासाचा पत्ता हेही हाताशी असावे. कागदपत्रांच्या प्रतींचा एक संच मोठ्या बॅगेत आणि एक घरी ठेवावा. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत ठेवण्यास मनाई आहे. त्या हातबॅगेतच न्याव्या लागतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणात हातबॅगेतील द्रवपदार्थांच्या बाटल्या सर्वसाधारणपणे शंभर मिलिलिटरपर्यंतच्या असाव्यात आणि त्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. आवश्यक औषधांना यातून सूट मिळते. चाकू, कात्री, अडकित्ता या वस्तू मात्र मोठ्या बॅगेत टाकाव्यात.

डबे, बरण्या आणि माया

परदेशी निघालेल्या मराठी आईच्या बॅगेत निम्मी जागा मुलांच्या खाऊची असते. चिवडा, लाडू, मेतकूट, गोडा मसाला, लोणचे यांची यादी लांबतच जाते. या मायेला आवर घालता येत नाही, पण तिला शिस्त लावता येते. काचेच्या बरण्या टाळाव्यात. त्या जड असतात आणि फुटतातही. लोणचे झाकणाभोवती चिकटपट्टी लावून, दोन पिशव्यांत बांधून, टॉवेलमध्ये गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मध्यभागी ठेवावे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांमध्ये तेलाचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे विमानात त्या ज्वलनशील मानल्या जातात. त्या नेण्यापूर्वी विमान कंपनीकडे चौकशी करावी. चिवडा हलका असला तरी जागा खातो. तो डब्यात न नेता जाड पिशवीत भरून कपड्यांच्या वर ठेवावा.

नाशिकची द्राक्षे किंवा अंगणातला कढीपत्ता न्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ताजी फळे, रोपे, बिया यांवर अनेक देशांत कडक निर्बंध आहेत. अमेरिका व ऑस्ट्रेलियात उतरताना खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. ते लपवल्यास दंड होऊ शकतो. विचारले असता 'आहे' असे सांगणे केव्हाही श्रेयस्कर. बॅग वजनात बसत नसेल, तर औषधांऐवजी लाडवांचा डबा कमी करावा, हे सांगण्याची वेळ अनेक घरांत येते.

बॅग हरवली तर

बॅगेच्या बाहेर आणि आतही नाव, दूरध्वनी क्रमांक आणि मुक्कामाच्या ठिकाणचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असावी. बाहेरची चिठ्ठी फाटली, तरी आतली उपयोगी पडते. काळ्या-निळ्या बॅगांच्या गर्दीत आपली ओळखू यावी म्हणून हँडलला रंगीत फीत बांधावी. बंद करण्यापूर्वी आतील सामानाचे आणि बाहेरून बॅगेचे छायाचित्र काढून ठेवावे.

विमानतळावर बॅग आली नाही किंवा मोडलेली आढळली, तर बाहेर पडण्याआधीच कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या मॉन्ट्रियल करारात भारत २००९ पासून सहभागी आहे. त्यानुसार बॅगेच्या नुकसानीची तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची तक्रार ती मिळाल्यापासून एकवीस दिवसांत करावी लागते. मुदत उलटल्यास भरपाईचा हक्क धोक्यात येतो.

वारकऱ्यांकडून शिकावे

कमी सामानात दीर्घ प्रवास कसा करावा, याचा धडा नाशिककरांना दूर शोधावा लागत नाही. त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला निघते, तेव्हा वारकरी तीन आठवड्यांहून अधिक काळ भर पावसाळ्यात पायी चालतात. दिंडीचे मोठे सामान वाहनातून जाते. चालणाऱ्याच्या खांद्यावर असते ती लहानशी पिशवी. चालताना लागेल तेवढेच हाताशी आणि बाकीचे मुक्कामाला, ही विभागणी हातबॅग आणि मोठी बॅग यांच्या नियमाहून वेगळी नाही.

सिंहस्थातही हेच दिसते. २०१५ च्या पर्वणीला बाहेरगावची वाहने शहराबाहेरील वाहनतळांवर थांबवण्यात आली होती आणि भाविकांना घाटाकडे बरेच अंतर चालावे लागले होते. २०२७ मधील प्रमुख स्नानेही ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसाळी दिवसांतच येत आहेत. त्या गर्दीत चाकांची बॅग ओढणे जवळपास अशक्यच. पाठीवरची एक पिशवी, एक सुका जोड, ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी, औषधे, ओळखपत्र आणि वृद्ध व मुलांच्या खिशात संपर्काची चिठ्ठी एवढेच सामान तेथे खऱ्या अर्थाने उपयोगी ठरते.

परतीची जागा

जाताना गच्च भरलेली बॅग येताना बंद होत नाही. धुवायचे कपडे इस्त्रीच्या कपड्यांपेक्षा जास्त जागा घेतात, त्यात खरेदी आणि भेटवस्तूंची भर पडते. म्हणून जाताना बॅगेचा सुमारे पाचवा भाग परतीसाठी राखावा आणि त्या पोकळीत घडी होणारी एक रिकामी पिशवी किंवा फुगीर स्वेटर ठेवावा. घरी आल्यावर बॅग रिकामी करताना न वापरलेल्या वस्तू बाजूला काढून त्यांची नोंद करावी. पुढच्या प्रवासाची यादी या नोंदीतूनच अचूक होते. दोन-तीन प्रवासांनंतर घरातल्या प्रत्येकाला आपली खरी गरज किती, हे कळते आणि मग बॅगेवर बसून चेन लावण्याची वेळ येत नाही.